काऊबॉयचा खेळ आणि जळालेली वस्ती

शाळेच्या स्नेहसंमेलनात वेशभूषेची स्पर्धा असते. कुणी सैनिक होतो, कुणी डॉक्टर होते, कुणी निळा कोट घालून, हातात पुस्तक धरून बाबासाहेब होतो. आणि बहुतेक वर्षी एखादा पोरगा काऊबॉय होऊन येतो. रुंद काठाची टोपी, चौकड्यांचा शर्ट, गळ्यात लाल रुमाल, कमरेला पत्र्याचे पिस्तूल. तो रंगमंचावर आला की टाळ्या पडतात. हिंदी सिनेमातूनही हा वेश आपल्या घरात येऊन बसलेला आहे. पण या वेशातला माणूस मुळात कोण होता, काय काम करीत होता, त्याचा रंग कोणता होता, हे त्या पोराला ठाऊक नसते आणि टाळ्या वाजवणाऱ्या आपल्यालाही ठाऊक नसते.

वाचकहो, अमेरिकेत एक असे गाव आहे, की जिथे मोठी माणसेसुद्धा हा वेश घालून खेळत. एक-दोन दिवस नव्हे, पुढे कित्येक वर्षे तो गावाचा हंगामी सोहळाच होऊन बसला होता. या गावाचे नाव पाम स्प्रिंग्ज. कॅलिफोर्निया राज्यातले हे वाळवंटातले विश्रांतीचे ठिकाण. या गावाची कथा मजेची आहे आणि डोळ्यांत अंजन घालणारीही आहे. म्हणून ती आज घरातल्या सर्वांनी मिळून वाचावी.

काऊबॉय म्हणजे गुराखी

आधी हा काऊबॉय नीट ओळखून घेऊ. काऊ म्हणजे गाय आणि बॉय म्हणजे पोरगा. म्हणजे सरळ भाषेत गुराखी. सिनेमात त्याला सारखे पिस्तूल झाडताना दाखवतात, पण त्याचे खरे काम गुरे वळण्याचे होते. अमेरिकेत १८६५ साली यादवी युद्ध संपले आणि गुलामगिरी कायद्याने बंद झाली. त्या वेळी टेक्सास प्रांतात गुरे अफाट होती आणि त्यांना गिऱ्हाईक होते उत्तरेच्या शहरांत. मधे शेकडो मैलांचे मोकळे रान. कान्सास प्रांतात आगगाडी पोहोचली होती, तेव्हा टेक्सासपासून तिथल्या स्टेशनापर्यंत गुरे पायी हाकत न्यायची आणि डब्यात भरायची, असा धंदा सुरू झाला. दोन-तीन हजार गुरांच्या कळपामागे दहा-बारा माणसे असत. दिवसाला दहा-पंधरा मैल चाल. हा प्रवास महिनोन् महिने चाले. धूळ, पाऊस, नदीचे पूर, रात्री विजेच्या कडकडाटाने बिथरलेली जनावरे. आणि या सगळ्याला पगार महिन्याला साधारण २५ ते ४० डॉलर. पुढे काटेरी तारेची कुंपणे पडली, आगगाडी सगळीकडे पोहोचली आणि वीस-पंचवीस वर्षांतच हा धंदा आटोपला.

हे काम अमेरिकेतल्या गोऱ्यांनी शोधून काढलेले नव्हते. ते त्यांना शिकवले मेक्सिकोच्या गुराख्यांनी. स्पॅनिश भाषेत गाईला 'वाका' म्हणतात, म्हणून गुराखी तो 'वाकेरो'. घोड्यावर बसून फासाचा दोर फेकणे, गुरांना डाग देऊन खूण करणे, पायांना काटे लागू नयेत म्हणून विजारीवर चामड्याचे आवरण घालणे, ही सगळी वाकेरोची विद्या. 'रँच', 'रोडिओ', 'कोराल' हे काऊबॉयच्या तोंडी असलेले शब्दही स्पॅनिशमधून आलेले.

आणि या गुराख्यांत काळी माणसे किती होती? इतिहासकारांचा अंदाज असा आहे, की चार काऊबॉयमागे एक काळा होता. गुलामीत असताना टेक्सासच्या मालकांची गुरे याच लोकांनी सांभाळली होती. मुक्त झाल्यावर हातात हेच कसब होते. नॅट लव्ह हा असाच एक. १८५४ साली टेनेसी प्रांतात तो गुलाम म्हणून जन्मला, तरुणपणी काऊबॉय झाला, पुढे आगगाडीत झोपण्याच्या डब्यात हमाल-सेवकाची नोकरी केली आणि १९०७ साली स्वतःचे आत्मचरित्र छापून काढले. ते छापले म्हणून आज तो आपल्याला माहीत आहे.

दुसरा बिल पिकेट. त्याचा जन्म टेक्सासमध्ये १८७० सालचा. पळत्या बैलावर घोड्यावरून झेप घ्यायची, शिंगे धरायची आणि मान मुरगाळून त्याला जमिनीवर पाडायचे, हा रोडिओतला थरारक खेळ त्याने प्रसिद्धीला आणला. आजही तो खेळ खेळला जातो. पण काळा म्हणून पिकेटला स्वतःला अनेक स्पर्धांत उतरू दिले जात नसे. १९३२ साली तो गेला. १९९४ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने त्याच्या सन्मानार्थ तिकीट छापले. छापून झाल्यावर लक्षात आले, की तिकिटावरचे चित्र बिलचे नाहीच, त्याच्या भावाचे आहे! तिकिटे परत बोलवावी लागली आणि पुन्हा छापावी लागली. ज्या माणसाने देशाला खेळ दिला, त्याचा चेहराही देशाने नीट नोंदवून ठेवला नव्हता. ही गोष्ट लक्षात ठेवा. शेवटी तिच्याकडे परत यायचे आहे.

अंगावरचे कपडे कुठले?

आता काऊबॉयच्या गळ्यातला तो लाल रुमाल पाहा. इंग्रजीत त्याला 'बंडाना' म्हणतात. हा शब्द आपल्याकडच्या 'बांधणी'चा भाऊ आहे. कापडाला गाठी बांधून रंगात बुडवायचे आणि ठिपके उठवायचे, ही आपल्या देशातल्या रंगाऱ्यांची कला. ते रुमाल जहाजातून विलायतेला गेले आणि तिथून अमेरिकेत पोहोचले. काऊबॉय तो गळ्यात बांधी, कारण कळपामागे चालताना धुळीने नाक-तोंड भरून जाई, तेव्हा तो वर ओढता येई.

विजारीचेही तसेच. निळ्या जाड कापडाच्या विजारीला अमेरिकेत 'डंगरीज' असाही शब्द आहे. तो आला आपल्या मुंबईच्या डोंगरीवरून. डोंगरीच्या बाजारात मिळणारे जाडेभरडे सुती कापड गोऱ्या खलाशांनी नेले आणि गावाचे नाव कापडाला चिकटले. म्हणजे आज ज्याची फॅशन आहे, तो मुळात राबणाऱ्या माणसाचा पोशाख. टोपी उन्हासाठी, रुमाल धुळीसाठी, जाड विजार खोगिरावर घासून फाटू नये म्हणून. सगळे कामाचे, शोभेचे काही नाही.

गरम झऱ्याचे गाव

लॉस एंजेलिस शहरापासून पूर्वेला शंभरावर मैल गेले, की वाळवंट लागते. तिथे दहा हजार फुटांहून उंच अशा सान हसिंतो पर्वताच्या पायथ्याशी पाम स्प्रिंग्ज वसले आहे. उन्हाळा असा, की ५ जुलै २०२४ रोजी तिथे पारा ५१ अंशांवर गेला. पण हिवाळा सुखाचा, ऊन कोवळे, हवा कोरडी. डोंगरातून पाणी उतरते, घळींमध्ये ताडासारखी झाडे वाढतात आणि गावाच्या मध्यभागी गरम पाण्याचा झरा आहे, जसे आपल्याकडे वज्रेश्वरीला कुंड आहेत तसा.

हा झरा काविया नावाच्या आदिवासींचा. त्यांच्या वस्तीच्या खुणा सुमारे ८,००० वर्षांपूर्वीच्या असल्याचे २०१८ साली झऱ्याजवळच्या खोदकामात दिसून आले. स्पॅनिश लोक या जागेला 'आग्वा कालिएन्ते' म्हणू लागले, म्हणजे गरम पाणी. तिथल्या कावियांच्या जमातीलाही तेच नाव पडले.

पुढे आगगाडी आली आणि अमेरिकन सरकारने जमिनीची एक अजब वाटणी केली. सगळ्या भागाचे एक-एक चौरस मैलाचे चौकोन पाडले आणि त्यांना नंबर दिले. विषम नंबरचे चौकोन रेल्वे कंपनीला आणि सम नंबरचे आदिवासींना. १८७६ आणि १८७७ साली राष्ट्राध्यक्षांच्या हुकमाने आदिवासींची राखीव जमीन ठरली, ती अशी बुद्धिबळाच्या पटासारखी. एक काळे घर, एक पांढरे घर. गरम झरा ज्या चौकोनात आला, त्याचा नंबर १४. तो सम, म्हणून आदिवासींचा. याला सगळे 'सेक्शन १४' म्हणत. हा नंबर विसरू नका.

१८८४ साली मॅकॅलम नावाचे एक गोरे गृहस्थ आपल्या क्षयग्रस्त मुलाला कोरडी हवा मिळावी म्हणून इथे राहायला आले. त्यांच्यामागून इतर आले. १९०९ साली नेली कॉफमन या बाईंनी 'डेझर्ट इन' हे विश्रांतिगृह काढले. आधी रोगी येत, मग श्रीमंत येऊ लागले, मग सिनेमाचे नटनट्या. १९२७ च्या शेवटी 'एल मिराडोर' हे मोठे हॉटेल उघडले. १९३४ साली चार्ल्स फॅरेल आणि राल्फ बेलामी या दोन नटांनी 'रॅकेट क्लब' काढला. १९३८ साली गावाला रीतसर नगराचा दर्जा मिळाला.

लुटुपुटूचे कोर्ट

श्रीमंत पाहुण्यांना नुसते ऊन आणि पोहण्याचे तलाव पुरेनात. त्यांना खेळ हवा होता. सिनेमामुळे काऊबॉयची लाट होती. मग निघाल्या 'ड्यूड रँच'. ड्यूड म्हणजे शहरी छानछोकी माणूस. पैसे भरून त्याने आठ दिवस गुराखी व्हायचे. पण गुरे वळायची नाहीत, शेण काढायचे नाही. सकाळी तयार खोगीर घातलेल्या घोड्यावर बसून डोंगरापर्यंत जायचे, तिथे उघड्यावर शिजवलेला नाश्ता खायचा, संध्याकाळी शेकोटीभोवती गाणी ऐकायची. पाम स्प्रिंग्जमध्ये 'डीप वेल', 'स्मोक ट्री' अशा रँच होत्या. मिकी माऊसचा जनक वॉल्ट डिस्ने याचे स्मोक ट्री रँचमध्ये घर होते आणि त्या रँचची तीन अक्षरे तो आपल्या टायवर मिरवी. 'डेझर्ट रायडर्स' नावाचे घोडेस्वारांचे मंडळ होते, ते घोड्यांच्या वाटा तयार करी आणि नाश्त्याच्या सहली काढी.

१९३० च्या दशकात 'डेझर्ट सर्कस' हा सोहळा सुरू झाला. या दिवसांत दुकानदार, बँकवाले, नट, पाहुणे, सगळ्यांनी काऊबॉयचा वेश घालायचा. मुख्य रस्त्यावरून घोड्यांची मिरवणूक निघे. जो साध्या कपड्यात सापडे, त्याला लुटुपुटूचा शेरीफ धरून नेई आणि लुटुपुटूच्या कोर्टापुढे उभा करी. कोर्ट हसत-खिदळत दंड ठोठावी आणि तो पैसा धर्मादाय कामाला जाई. कुणाचे नुकसान नाही, सगळ्यांची करमणूक. अशा खेळात वाईट काही नाही. माणसाने हसावे, नटावे, चार दिवस मुलांसारखे व्हावे.

हा खेळ जवळच्या रानातही पसरला. १९४६ साली रॉय रॉजर्स, जीन ऑट्री वगैरे सिनेमातल्या काऊबॉयनी मिळून तीसेक मैलांवर 'पायोनियरटाऊन' नावाचे गावच उभे केले. जुन्या काळच्या धर्तीची लाकडी दुकाने आणि जेल, ज्यात सिनेमाचे चित्रण करता येईल आणि राहताही येईल. आजही पर्यटक तिथे जाऊन फोटो काढतात. जीन ऑट्रीचे तर पाम स्प्रिंग्जमध्ये हॉटेल होते, त्याच्या नावाचा मोठा रस्ता आजही आहे.

या सगळ्या वातावरणाचा मूर्तिमंत माणूस म्हणजे फ्रँक बोगर्ट. १९२७ च्या सुमारास तरुणपणी ते इथे आले. घोडे सांभाळले, पाहुण्यांना रपेटीला नेले, नटनट्यांचे फोटो काढून गावाची जाहिरात केली, हॉटेले आणि क्लब चालवले. १९५८ ते १९६६ आणि पुन्हा १९८२ ते १९८८ ते गावाचे महापौर होते. लोक त्यांना 'काऊबॉय महापौर' म्हणत. १९९० साली नगर कार्यालयासमोर त्यांचा घोड्यावरचा ब्राँझचा पुतळाही बसला. त्यांच्या पहिल्या कारकिर्दीतच सेक्शन १४ मध्ये काय घडले, ते आता पाहू.

ज्यांनी चादरी बदलल्या

एवढी हॉटेले चालवायला हात लागतात. खोल्या झाडायच्या, चादरी बदलायच्या, भांडी घासायची, बागा शिंपायच्या, भिंती उभारायच्या, लाकूडकाम करायचे. हे हात काळ्या लोकांचे होते, मेक्सिकन वंशाच्या लोकांचे होते, आदिवासींचेही होते. म्हणजे सिनेमातल्या काऊबॉयच्या टोपीखालून ज्यांना पुसून टाकले होते, नेमकी तीच माणसे इथे काऊबॉय-काऊबॉय खेळणाऱ्यांची सेवा करीत होती.

पण ती राहणार कुठे? गावातल्या बहुतेक घरांच्या खरेदीखतातच अट असे, की हे घर गोऱ्याखेरीज कुणाला विकता वा भाड्याने देता येणार नाही. १९४८ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा अटी न्यायालयांना अमलात आणता येणार नाहीत, असा निकाल दिला. तरी कागदावरची अट गेली म्हणून मनातली गेली नाही. दिवसा कामाला या, रात्री आमच्यात राहू नका. आपल्यापैकी ज्यांचे आजे-पणजे गावकुसाबाहेर राहिले, त्यांना याचा अर्थ फोड करून सांगायला नको.

एकच जागा मोकळी होती. सेक्शन १४. ती आदिवासींची, तिथे गोऱ्यांच्या अटी लागू नव्हत्या. त्या काळी कायद्याने आदिवासींना जमीन थोड्या मुदतीनेच भाड्याने देता येई, म्हणून बँका तिथे मोठ्या इमारतींना कर्ज देत नसत. मग कष्टकरी कुटुंबांनी आदिवासी मालकांकडून जमिनीचे तुकडे भाड्याने घेतले आणि आपल्या हातांनी घरे बांधली. रस्ते कच्चे, पाण्याची आणि गटाराची सोय तोकडी. पण तिथे शेजार होता, पोरांचे खेळ होते. शेकडो कुटुंबांचे ते आपले गाव होते. आणि ते हॉटेलांच्या मुख्य रस्त्यापासून चालत जाण्याइतके जवळ होते.

१९५९ साली कायदा बदलला आणि आदिवासींना ९९ वर्षांच्या कराराने जमीन देण्याची मुभा मिळाली. हा बदल व्हावा म्हणून आदिवासींनी स्वतः झगडा केला होता. १९५० च्या दशकात त्यांच्या पंचायतीत सगळ्या स्त्रियाच होत्या आणि व्हायोला ओलिंजर या बाई तिच्या अध्यक्ष होत्या. वॉशिंग्टनपर्यंत जाऊन या स्त्रियांनी आपल्या जमातीची बाजू मांडली. पण जमिनीची किंमत वाढताच दुसरेच घडले. तिथल्या न्यायालयाने अनेक आदिवासींवर 'पालक' नेमले. तुम्हाला व्यवहार कळत नाही, म्हणून तुमची मालमत्ता आमचे वकील आणि व्यापारी सांभाळतील! या पालकांनी आदिवासींच्याच पैशातून भरमसाट मेहनताना उकळला. एका जिल्हा वर्तमानपत्राच्या बातमीदाराने हे प्रकरण उजेडात आणले, त्या वर्तमानपत्राला १९६८ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले आणि पालकांची पद्धत बंद झाली. रस्त्यावर लुटुपुटूचे कोर्ट टोपीवाचून फिरणाऱ्याला दंड करीत होते, आणि खऱ्या कोर्टात माणसाची जमीन त्याच्या हातून काढून घेतली जात होती.

बुलडोझर आणि आग

मोक्याच्या जागेवर हॉटेले हवी होती. तेव्हा वस्ती हलवायची ठरली. पाडापाडी १९५० च्या दशकातच सुरू झाली होती, १९६५ आणि १९६६ साली ती जोरात आली. नगर प्रशासनाच्या देखरेखीखाली घरे बुलडोझरने पाडली गेली आणि पडलेला सांगाडा अग्निशमन दलाने जाळला. वाचकहो, आग विझवायची ज्यांची नोकरी, त्यांनीच ही आग लावली. कामावरून परत आलो तेव्हा घर जागेवर नव्हते, आत सामान होते तेही गेले, असे अनुभव तिथल्या रहिवाशांनी सांगितले आहेत. पर्यायी घरे दिली नव्हती. कुणी उत्तरेच्या माळावर गेले, कुणी दूरच्या गावांत. हॉटेलातले काम मात्र कित्येकांना सोडता आले नाही.

१९६८ साली कॅलिफोर्नियाच्या महाधिवक्त्यांच्या खात्यातील लोरेन मिलर या अधिकाऱ्याने चौकशी अहवाल लिहिला. या प्रकाराला त्याने नगरानेच घडवून आणलेला संहार म्हटले. रहिवासी घरांचे मालक होते, करदाते होते, मतदार होते याची तर पर्वा केली नाहीच, ती माणसे आहेत हेही नगर विसरले, असा त्याचा निष्कर्ष होता. पण कुणावर खटला झाला नाही. अहवाल फायलीत गेला. डेझर्ट सर्कसच्या मिरवणुका पुढेही निघत राहिल्या.

पन्नास वर्षांनी

जळालेल्या वस्तीतली पोरे म्हातारी झाली. पण ती विसरली नव्हती. कुठल्या गल्लीत कोण राहत होते, बापाने घराला कोणते लाकूड वापरले होते, अंगणात कोणते झाड होते, हे ती आपल्या मुलानातवंडांना सांगत राहिली. मग त्यांनी संघटना केली. जुने फोटो, कागद, साक्षी गोळा केल्या. तो १९६८ सालचा अहवाल पुन्हा बाहेर काढला.

सप्टेंबर २०२१ मध्ये पाम स्प्रिंग्जच्या नगर परिषदेने सेक्शन १४ मधील कृत्याबद्दल जाहीर माफी मागितली आणि काऊबॉय महापौरांचा पुतळा हलवायचा ठराव केला. यावर गावात मोठा वाद झाला. बोगर्ट २००९ साली ९९ व्या वर्षी वारले होते, त्यांचे चाहते पुष्कळ होते. त्यांचे म्हणणे, की या माणसाने गावासाठी आयुष्य वेचले, सगळा दोष एकट्याच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. प्रकरण न्यायालयात गेले. शेवटी जुलै २०२२ मध्ये पुतळा तिथून काढला गेला. एका माणसाला खलनायक ठरवून मोकळे होणे सोपे असते, हे खरे आहे. घरे जाळायला एक महापौर पुरत नाही. त्याला सही करणारे, बुलडोझर चालवणारे, पाहून न पाहिल्यासारखे करणारे असे पुष्कळ लागतात. पण ज्या दारातून नागरिक आपले गाऱ्हाणे घेऊन आत जातो, त्या दारासमोर कुणाचा पुतळा असावा, हा प्रश्नही तितकाच खरा आहे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये नगर परिषदेने तडजोडीला एकमताने मंजुरी दिली. माजी रहिवासी आणि वारसांना ५९ लाख डॉलर, पहिले घर घेणाऱ्यांना मदत आणि परवडणारी घरे यांसाठी दहा वर्षांत २ कोटी डॉलर, लहान व्यवसायांसाठी १० लाख डॉलर. जळालेले घर यातून परत येत नाही. हे दिवस पाहायला कित्येक आईबाप उरले नाहीत. पण तुमचे म्हणणे खरे होते, हे नगराला आपल्या तोंडाने सांगावे लागले.

आदिवासींनीही आपली जागा सोडली नाही. २०२३ साली त्या गरम झऱ्यावर त्यांनी नवे स्नानगृह आणि शेजारी स्वतःचे संग्रहालय उघडले. आज पर्यटक तिथे तिकीट काढून जातात आणि त्या जमातीचा इतिहास तिच्याच तोंडून ऐकतात. घोड्यावरची रपेट आजही मिळते. खेळ संपलेला नाही, आता त्याच्या शेजारी खरी हकीकतही सांगितली जाते.

आपल्या घरासाठी

या कथेतून आपल्या घराने काय घ्यावे? पोराला काऊबॉयचा वेश घालू नका, असे मी म्हणणार नाही. जरूर घाला. फक्त टोपी बसवताना त्याला सांगा, की बाळा, हा गुराख्याचा वेश आहे, राबणाऱ्या माणसाचा. यात मेक्सिकोचा वाकेरो आहे, गुलामीतून सुटलेला नॅट लव्ह आहे, गळ्यातल्या रुमालात आपल्याकडचा रंगारी आहे आणि विजारीच्या नावात आपली डोंगरी आहे. मंचावर गेल्यावर त्याने एवढी चार वाक्ये बोलून दाखवली, तर टाळ्या थोड्या जास्तच पडतील.

आणि दुसरी गोष्ट मोठ्यांसाठी. बिल पिकेटच्या तिकिटावर भावाचा चेहरा आला, कारण कुणाचा फोटो कोणता हे नीट लिहून ठेवलेले नव्हते. सेक्शन १४ च्या लोकांना काही मिळाले, कारण त्यांनी आठवण जपली, फोटो जपले आणि एका अधिकाऱ्याने वेळेवर लिहून ठेवले होते. आपल्या ट्रंकेत काय आहे ते या रविवारी काढून पाहा. जुनी भाडेपावती, रेशनकार्ड, आजोबांचे गिरणीतले ओळखपत्र, आजीचा समूहातला एखादा फोटो. फोटोच्या मागे पेन्सिलीने नावे लिहा, साल लिहा, जागा लिहा. घरात म्हातारे माणूस असेल, तर त्याच्या शेजारी बसून विचारा, की पहिली खोली कुठे होती, ती कुणी बांधली, शेजारी कोण होते. मुलाला वही घेऊन लिहायला लावा.

ज्यांच्याकडे सत्ता होती, त्यांचे पुतळे झाले. आपल्या माणसांची नावे आपल्यालाच लिहून ठेवावी लागतील.